डोंगऱ्याचा नवा पट्टा

रंजीताने पर्समधून एक पांढरी नाडी काढली आणि काउंटरवर सरळ करून ठेवली. नाडीला दोन गाठी मारलेल्या होत्या.

"या गाठीपासून या गाठीपर्यंत," ती म्हणाली. "एवढी मान हाय."

दुकानदार पांडुरंगरावांनी नाडी उचलली, दोन्ही हातांत ताणून पाहिली आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"कुत्र्याचीच म्हणता ना, मॅडम?"

"कुत्र्याचीच."

"मले वाटलं गोऱ्ह्याची."

आदिलाबादच्या बाजारातलं हे दुकान एके काळी बैलांच्या साजाचं होतं. कासरे, मोरक्या, घुंगुरमाळा, शिंगांना बांधायचे गोंडे, सगळं छतापासून लोंबत असायचं आणि लहानपणी वडिलांबरोबर इथे आलं की वर बघून बघून रंजीताची मान अवघडायची. आता गोंड्यांच्या जागी शाळेची दप्तरं लटकत होती. बैलांचा साज मागच्या कोपऱ्यात पोळ्याची वाट बघत पडलेला, आणि पुढच्या काचेखाली, मानाच्या जागी, कुत्र्यांचे पट्टे. दुनिया कशी बदलली हे कुणाला थोडक्यात बघायचं असेल तर त्याने या दुकानात दोन मिनिटं उभं राहावं.

पांडुरंगरावांनी आधी पितळी खिळ्यांचा रुंद पट्टा काढला. "हा घ्या. एवढ्या मोठ्या जनावराले रुबाब पाहिजे."

"खिळे केसांत बुडून जातील. दिसणारच नाईत."

"मंग साखळी?"

"तिच्यात केस अडकतात. ओढलं की उपटून येतात."

नायलॉनचा लाल पट्टाही तिने बाजूला सारला. तो एकदा भिजला की दाट केसांखाली वाळतच नाही आणि खालची कातडी कुजते, असं उटनूरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. चपटा पट्टा तर नकोच. तिला हवा होता गोल शिवलेला, चामड्याचा, दोरीसारखा. केसांतून सरकणारा, त्यांना न चिरडणारा.

"कुत्र्यासाठी घेऊन राह्यल्या का नवरीसाठी?" असं पुटपुटत पांडुरंगराव मागच्या कपाटाशी गेले, आणि बरीच खुडबुड करून त्यांनी तसा एक पट्टा शोधून आणला. तपकिरी, मऊ, साधंसं बक्कल. रंजीताने तो नाडीशी लावून पाहिला, नाकाशी नेला, आणि घेतला. चामड्याच्या वासाने तिला क्षणभर बैलांचा साज वाहून आणणाऱ्या बाबांच्या खांद्याची आठवण आली आणि ती उगीचच दप्तरांकडे बघत राहिली.

डोंगऱ्या होता काश्मीरचा. म्हणजे सफरचंदांच्या ट्रकचा. एका हिवाळ्यात बोथच्या फाट्यावर एक ट्रक चाक फुटून उभा राहिला, आणि ड्रायव्हरच्या पायाशी टोपलीत हे लोकरीचं गाठोडं कुईकुई करत होतं. फाट्यावर भाजी विकायला बसणाऱ्या मोतीरामने, रंजीताच्या बाबांनी, ड्रायव्हरला गरम भाकर आणि वांग्याची भाजी खाऊ घातली. ट्रक निघाला तेव्हा गाठोडं मोतीरामच्या मांडीवर होतं. घरी आणून त्यांनी बैलांना द्यावं तसं त्याचं नाव ठेवलं, आणि कुत्र्याचे पट्टे विकत मिळतात हे डोक्यातही न आणता पोळ्याची जुनी घुंगुरमाळ उसवून, घुंगरं काढून, तिचाच पट्टा त्याच्या गळ्यात घातला. वर्ष फिरायच्या आत गाठोड्याचं अस्वल झालं. लोक फाट्यावर भाजी घ्यायला कमी आणि त्याला बघायला जास्त थांबायचे. मोतीराम म्हणायचे, मी याच्या दुकानात नोकरीला हाय.

मोतीराम जाऊन दीड वर्ष झालं होतं. घरात आता रंजीताची आई मनकर्णाबाई आणि डोंगऱ्या, एवढे दोघंच. रंजीता उटनूरला शाळेत शिकवायची आणि सुट्टी मिळेल तशी यायची. गेल्या दिवाळीत डोंगऱ्याने कुठल्याशा मांजरामागे अशी काही उडी घेतली की दोरी हातात धरलेली आई अंगणात तोंडघशी पडली. मनगट सुजून आलं. रंजीताचं डोकं फिरलं होतं.

"तुह्यानं हा आवरत नाई, माय. मी याले उटनूरले घेऊन जाईन. क्वार्टरले मोठं अंगण हाय."

आई त्यावर हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. मनगटाला हळद लावत बसली होती.

संक्रांतीला रंजीता आली, तेव्हा तिने एका संध्याकाळी आईला ओट्यावर बसून बोलताना ऐकलं. मिरचीवर रोग पडला, विहिरीचं पाणी उतरलं, कुणाच्या पोरीचं जमलं, दिवसभराचं सगळं ती सांगत होती. कोण आलंय म्हणून रंजीताने डोकावून पाहिलं तर समोर डोंगऱ्या. पुढचे पाय पसरून, मान वाकडी करून, तो गावपंचासारखा ऐकत होता. त्याच क्षणी त्याला नेण्याचा विचार रंजीताने मनातून काढून टाकला. आपण काढला म्हणजे आईच्याही मनातून तो गेलाच असणार, असं तिने धरलं. शाळेत मुलांना फळ्यावर लिहून सांगितल्याशिवाय ती कशावर विसंबत नसे, पण घरच्या माणसांना सगळं आपोआप कळतं अशी तिची समजूत होती.

त्याच मुक्कामात डोंगऱ्याला अंघोळ घालताना तिला गळ्याखालचा चट्टा दिसला. घुंगुरमाळेच्या चपट्या पट्ट्याखाली केसांची जटा झाली होती आणि कातडी लाल पडली होती. तिने केस ओले असतानाच नाडीने मानेचं माप घेतलं. कोरड्या केसांवरून घेतलं असतं तर पट्टा नुसता लोकरीच्या मापाचा झाला असता. आई बादली धरून उभी होती आणि गाठ मारणाऱ्या तिच्या बोटांकडे बघत होती.

पुढच्या सुट्टीत पट्टा घेऊन आदिलाबादहून निघालेली रंजीता दुपार कलताना घरी पोचली. डोंगऱ्याने तिला भिंतीला टेकवून तिचा चष्मा चाटला. मनकर्णाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"माय, हे पाय काय आणलं मी त्याले." रंजीताने कागद सोडून पट्टा पुढे केला.

मनकर्णाबाईंनी पट्ट्याकडे पाहिलं. हातात घेतला नाही.

"म्हंजे आणला तू."

"हो. चांगला हाय ना?"

"चांगलाच हाय," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

रंजीताला हे जरा कोरडं वाटलं, पण आईचं कौतुक नेहमीच असं कोरडं असायचं. तिने डोंगऱ्याला ओट्याशी बसवलं, घुंगुरमाळेचा पट्टा सोडला, जटा झालेले केस कात्रीने मोकळे केले, चट्ट्याला मलम लावलं आणि नवा पट्टा चढवला. तो केसांत असा काही नाहीसा झाला की बक्कल कुठे आहे हे शोधावं लागलं. डोंगऱ्याने अंग झाडलं, मान खाजवली नाही. रंजीता मनापासून सुखावली.

पाठीमागे आई येऊन उभी होती. तिने हात पुढे केला.

"तो दे इकडं. जुना."

रंजीताने दिला. मनकर्णाबाईंनी तो पदराने पुसला, त्यातला गुंतलेला केसांचा पुंजका तसाच ठेवला, आणि देवघराशेजारच्या खुंटीला अडकवला. मग त्या परसात गेल्या. कुंपणावरून शेजारणीशी काही बोलल्याचा आवाज आला. परत येऊन त्यांनी चूल पेटवली आणि ज्वारीचं पीठ मळायला घेतलं, अशा अवेळी.

भाकरी झाल्या. त्यांत गूळ कुस्करला गेला. मनकर्णाबाई ताटली घेऊन बाहेर आल्या, दुसऱ्या हातात हळदी-कुंकू. डोंगऱ्यासमोर उकिडवं बसून त्यांनी त्याच्या कपाळावरचे केस दोन्ही बाजूंना सारले, बोट टेकवलं, आणि त्याला घास भरवू लागल्या. रंजीताला हसू आलं. नव्या पट्ट्याची पूजा. तिने फोन काढून फोटो घेतला.

"माय, इकडं पाय ना जरा."

आईने वर पाहिलं नाही.

तेवढ्यात शेजारच्या पंचफुलाकाकू फाटक ढकलून आत आल्या. हातात दुधात कुस्करलेल्या पोळीची वाटी होती.

"जाताना तोंड पाहून घ्यावं म्हटलं," त्या म्हणाल्या.

"कोण चाललं, काकू?"

"हा नाई का." काकूंनी वाटी डोंगऱ्यासमोर ठेवली. "तुई माय आत्ताच बोलली कुंपणावरून. रंजी नवा पट्टा घेऊन आली म्हणून. बरं झालं, बाई. तिच्यानं होते का आता ह्या धुडाचं."

रंजीताच्या हातातला फोन तसाच राहिला. तिने खुंटीकडे पाहिलं.

ती शाळेत शिकत होती तेव्हा घरची बैलजोडी विकली गेली होती. मळ्यात दुसऱ्याचा ट्रॅक्टर येऊ लागला होता आणि हरण्या-पाखऱ्या नुसते उभे राहून खात होते. तलमडुगूचे लोक घ्यायला आले, ते खांद्यावर नवी दावी टाकून. दावी दिसली आणि घरातलं बोलणंच थांबलं. विकलेल्या बैलाबरोबर दावं जात नाही. घेणारा आपलं आणतो, देणारा आपलं सोडून ठेवून घेतो, नाही तर दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते. आईने बैलांना हळदी-कुंकू लावलं होतं, गूळभाकर भरवली होती, आणि बाबांनी जुनी दावी सोडून, पुसून, याच खुंटीला अडकवली होती. कुणी रडलं नव्हतं. रात्री जेवणंही झाली होती. फक्त बाबा कितीतरी दिवस पहाटे उठून रिकाम्या गोठ्यात उभे राहायचे.

तिला दावं माहीत होतं. पोळ्याच्या पट्ट्याला या घरात दाव्याचाच मान आहे, हे मात्र ती साफ विसरली होती. अख्खं दुकान पालथं घालून, चामडं हुंगून, ती घेणाऱ्याची वस्तू घेऊन आली होती आणि स्वतःच्या हाताने जुना पट्टा सोडून आईच्या हातात दिला होता.

"माय," ती म्हणाली, "तू मले काऊन नाई विचारलं?"

"काय विचारू?" मनकर्णाबाई ताटलीतले तुकडे गोळा करत होत्या. "माप घेऊन गेलती तू, तवाच समजलं मले. बरोबरच हाय तुहं. म्या पडली तं उचलाले कोण हाय इथं? त्याचं पितळी भगुणं पिशवीत ठेवलं. नव्या भांड्यात तो पेत नाई."

आणि खरंच, दाराशी एक पिशवी भरून ठेवलेली होती. भगुणं, त्याची गोधडी, आणि बाबांचा जुना सदरा, ज्यावर तो झोपायचा. हे सगळं भाकरी थापता थापता कधी झालं हे रंजीताला कळलंही नव्हतं. आपण तिला एकटं पाडायला निघालोय असं आईने धरलं होतं, आणि तरी हू की चू न करता सामान बांधून दिलं होतं. रडायला मात्र पंचफुलाकाकूंच्या देखत नको वाटलं.

ती उठून आत गेली. खुंटीवरचा पट्टा काढला आणि स्वतःच्या पिशवीत टाकला.

मनकर्णाबाई उंबऱ्यात आल्या. "ते काऊन घेतलं? ते इथं राह्यते."

"देणारा ठेवते ना जुनं?"

"हो. मंग?"

"मंग मी ठेवतो," रंजीता म्हणाली. "बाबाचा होता डोंगऱ्या. बाबानंतर अर्धा तुहा, अर्धा माहा. माहा अर्धा मी तुले दिला. नवा पट्टा तुह्या नावानं आणला म्या."

बाहेर पंचफुलाकाकू वाटी परत मागत होत्या आणि डोंगऱ्या ती द्यायला तयार नव्हता. मनकर्णाबाईंनी पदर तोंडाशी नेला, खाली घेतला, दाराशी ठेवलेल्या पिशवीतून भगुणं काढून त्यात पाणी ओतलं. ओतताना थोडं सांडलं.

"येडी हायस तू," त्या म्हणाल्या. "बाबा असते तं हसले असते. कुत्र्याले कोणी दावं देते-घेते का वं? बैलाची रीत हाय ते."

"मंग ठेवू परत खुंटीले?"

मनकर्णाबाई तिच्याजवळ आल्या. तिच्या पिशवीतून पट्ट्याचं टोक वर आलेलं होतं. त्यांनी ते दोन बोटांनी आत सारलं आणि पिशवीची चेन शेवटपर्यंत ओढून घेतली.