हाल्व्हरची चौतीस वर्षं

माझ्या सासऱ्यांनी लेकीचं तोंड पाहायच्या आधी सोसायटीचा फॉर्म भरला होता. ट्रॅमची ड्युटी संपली, मुलगी झाल्याचा निरोप आला, आणि हाल्व्हर दवाखान्यात जायचं सोडून आधी घरबांधणी सोसायटीच्या कचेरीत गेले. नावाच्या रकान्यात लिहिलं, ‘मुलगी, नाव नंतर कळवतो.’ दवाखान्यात पोचल्यावर सासूबाई कडाडल्या, "होतास कुठे इतका वेळ?" तर म्हणाले, "हिच्या घराच्या रांगेत."

दर नाताळला जेवताना ही गोष्ट निघायची. सगळे हसायचे, मीही हसायचो. मी उत्तरेकडच्या बेटावरचा माणूस. आमच्याकडे घर हवं असेल तर बाप कुंपणापलीकडे बोट दाखवतो आणि भाऊ लाकूड घेऊन येतात. रांग लागते ती फक्त बोटीला. त्यामुळे सासऱ्यांचा विनोद मला विनोदच वाटला, हे माझं दुर्दैव.

ऑस्लोत तसं नाही. इथे सोसायटीतलं घर विकायला निघालं की बोली लागते. मोठी बोली ठरली की मग जुन्या सभासदांना विचारतात, याच भावात कोणाला हवंय का? हात वर करणाऱ्यांत जो सगळ्यात जुना सभासद, घर त्याचं. बोली जिंकलेला बिचारा हात चोळत परत जातो. हा हक्क एकदाच वापरायचा. वापरला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. म्हणून सुन्निवाने, माझ्या बायकोने, तो कधी वापरला नव्हता. आधी पैसे साठू देत म्हणायची.

घराच्या किमतीचा ठरावीक हिस्सा रोख दाखवल्याशिवाय बँक दारात उभं करत नाही. सुन्निवा दातांच्या दवाखान्यात नर्स, मी लिफ्ट दुरुस्त करतो. सहा वर्षं आम्ही साठवत होतो. शेवटच्या वर्षी घाई झाली तेव्हा तिने काटछाटीचं खातं माझ्याकडे दिलं.

"काय बंद करायचं ते तू ठरव," ती म्हणाली. "मला विचारू नकोस. विचारलंस तर मी काहीच बंद करू देणार नाही."

मी मनावर घेतलं. वर्तमानपत्र बंद. पोहण्याचा पास बंद. शुक्रवारचे टाको महिन्यातून एकदा. आस्ताचा, आमच्या मुलीचा, बासरीचा क्लास बंद करायला मात्र मला दोन दिवस लागले. आणि मग ती पैसे भरायची स्लिप आली. सुन्निवाच्या नावाची, वर्षाला तीनशे क्रोनर. हाल्व्हर वारल्यावर त्यांच्या पत्त्यावर आलेली पत्रं सासूबाई आमच्याकडे पाठवून देत, त्यातलीच ही. वर कुठल्याशा संस्थेचं नाव, जे मी कधी ऐकलं नव्हतं, आणि सोबत पत्रक: सभासदांना थर्मास आणि लोकरी बनियन सवलतीत. म्हटलं, थर्मास आहे आपल्याकडे. दोन स्मरणपत्रं आली, तीही रद्दीत गेली. तिसरं पत्र आलं की सभासदत्व संपलं. चला, एक कटकट गेली, असं मी स्वतःशी म्हणालो, आणि यादीत बरोबरची खूण केली.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. मी कोरता कोरता दातच उपटला होता, आणि मला दुखलंसुद्धा नाही.

मार्चमध्ये घरमालक दारात आला. घर विकतोय, जुलैअखेर खाली करा. आस्ता दुसरीत होती. दीड वर्षं डबा एकटीने खाल्ल्यावर नुकतीच तिला एक मैत्रीण मिळाली होती. सुन्निवा म्हणाली, "आता वेळ आली. याच शाळेच्या हद्दीत बघायचं, आणि बाबांचा हक्क काढायचा." मी मान डोलावली. हक्क कुठे ठेवलाय, कोणी सांभाळलाय, हे विचारायचं मला सुचलं नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही ते घर पाहिलं. तिसरा मजला, तीन खोल्या. बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून तीसेक माणसं एकमेकांना न बघता फिरत होती. एजंटने बन भाजून घर वासाने भरून टाकलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ट्रॅमचं शेवटचं वळण दिसत होतं. सुन्निवा तिथे उभी राहिली ती हलेना. लहानपणी ती त्याच वळणावर बाबांच्या ट्रॅमची वाट बघायची.

आस्ताने छोटी खोली पावलांनी मोजली. "पलंग इथे. दार आत उघडतं, म्हणून कपाट तिथे. आणि बाबा, तू दारावर टकटक करायची."

"करेन की."

"न करता येतोस तू."

परतताना ट्रॅममध्ये मी विचारलं, "बोली कितीपासून लावायची?"

"वेडा आहेस का?" सुन्निवा हसली. कित्येक महिन्यांनी अशी मोकळी हसली असेल. "मारामारी त्यांना करू दे. भाव ठरला की आपण जायचं, हात वर करायचा. बाबांची चौतीस वर्षं काय चाटायला ठेवलीत?" तिने पाकिटातून एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं. "हे बघ. नाव जुनं आहे. ही सोसायटी आता त्या मोठ्या सोसायटीत विलीन झाली ना." आणि तिने मोठ्या सोसायटीचं नाव सांगितलं.

थर्मासच्या पत्रकावरचं नाव.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. ट्रॅममध्ये सांगावं, घरी सांगावं, पोर झोपल्यावर सांगावं, असं करत रात्र गेली. आयुष्यात भित्रा म्हणून मला कोणी हिणवलं नव्हतं. त्यांनी मला त्या दिवशी पाहायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका लिफ्टच्या माथ्यावर बसून मी सोसायटीला फोन लावला. बाई फार चांगल्या बोलल्या, त्याचंच जास्त लागलं.

"आज नव्याने नाव घालता येईल."

"आणि ज्येष्ठता?"

"ती आजपासून."

"पण चौतीस वर्षं भरलीत हो!"

"दिसतायत मला. एकही वर्ष चुकलेलं नाही. मग तीन पत्रं गेली आमची. मिळाली नाहीत का?"

"मिळाली," मी म्हणालो.

संध्याकाळी सांगायचंच असं ठरवून घरी आलो, तर सुन्निवा माझ्या आधी आलेली. कोट अंगातच. गाल लाल.

"काय माणसं बसवलीत तिथे! म्हणे तुमचं सभासदत्व गेल्या वर्षीच संपलं. मी म्हटलं, बाई, माझ्या बापाने एक वर्ष सोडलं नाही. शेवटी हात थरथरायचा, तरी स्लिप घेऊन स्वतः बँकेत जायचा. आईने भरते म्हटलं तरी देत नसे. तू बोल त्यांच्याशी, तुला बरं जमतं भांडायला. बाबांनंतरच्या स्लिपा आई इथे पाठवायची, त्या तू..."

मी बुटांकडे बघत होतो. तिने कोटाचं बटण काढायला घेतलं होतं, हात तिथेच राहिला.

"तोरगाइर?"

"थर्मासचं पत्रक होतं गं," मी म्हणालो. "मला वाटलं, सवलतीचं काहीतरी असेल."

"पत्र वाचलंसुद्धा नाहीस?"

"रक्कम वाचली."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मीच म्हटलं होतं ना, मला विचारू नकोस म्हणून." मला वाचवायला नव्हे, स्वतःलाही मारून घ्यायला म्हणाली. ते मला सहन झालं नाही. मी तिच्या खांद्याला हात लावला. तिने तो झटकला नाही, की धरलाही नाही.

त्या घरावर आम्ही बोलीही लावली. साडेत्रेचाळीस लाखांना आम्ही जिंकलो. जिंकलो या शब्दाला त्या संध्याकाळी काही अर्थ नव्हता. दोघेही फोन टेबलावर ठेवून बसलो, कोणी कॉफीसुद्धा ओतली नाही. आठवड्याने एजंटचा फोन आला. एका सभासदाने हक्क वापरला होता.

"किती वर्षं जुना?" सुन्निवाने विचारलं.

"सहा," एजंट म्हणाला. "या घरावर फार कोणी हात वर केले नाहीत. एरवी वीस-पंचवीस वर्षं तरी लागतात."

सहा वर्षं. आम्ही साठवायला लागलो त्या वर्षी कोणीतरी कचेरीत जाऊन नाव घालून आला असेल.

त्यानंतरची दोन घरं आमच्या हिशेबापलीकडे गेली. जुलैत आम्ही शहराबाहेर, गाडीने तासभर लांब, भाड्याचं घर घेतलं. तिथली शाळा वेगळी. मैत्रिणीला शेवटचं भेटून आल्यावर आस्ताने विचारलं, "माझ्या खोलीत आता कोण राहणार?" मला कळायला वेळ लागला की ती ट्रॅमच्या वळणावरच्या खोलीबद्दल बोलतेय.

निघायच्या दिवशी खोक्यांच्या मधे बसून सुन्निवा एक फॉर्म भरत होती. सोसायटीचा, आस्ताच्या नावाचा. तारीख त्या दिवसाची. पोरीची चौतीस वर्षं भरतील तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची झालेली असेल.

"स्लिप माझ्यावर सोड," मी म्हणालो. "मी भरेन. दरवर्षी, न चुकता."

"नको." तिने पत्त्याच्या रकान्यात सासूबाईंचा पत्ता लिहिला. "तिची पत्रं आईकडे येतील."

"तुझी आई चौऱ्याहत्तरची आहे, सुन्निवा. तिच्यानंतर?"

तिने पेनाचं टोपण लावलं. आवाजात राग नव्हता.

"आस्ताला वाचता येतं," ती म्हणाली.