दार नसेल ते घर पडीक

जिल्ह्याची माहिती देणारं पुस्तक दरवर्षी निघायचं आणि दरवर्षी कोणी वाचायचं नाही. नद्या किती, डोंगर किती, कुठे काय पिकतं, कुठल्या वस्तीत माणसं किती. दोनशे दहा पानं आणि त्यात एकशे साठ तक्ते. ते सगळे ती एकटीच जुळवते म्हणून कार्यालयात तिला तक्तेबाई म्हणत. तोंडावर बाई, पाठीमागे तक्तेबाई, आणि साहेबांना घाई असली की नुसतंच 'तक्ते'. एकोणीस वर्षांत तिला या नावाची सवय झाली होती. पुस्तक कोणी वाचत नाही, याची मात्र झाली नव्हती.

खरं म्हणजे एक खातं ते वाचायचं. पुस्तकातली लोकसंख्या बघून पाणीपुरवठावाले टँकर ठरवायचे. म्हणूनच सोमवारी छापखान्यातून आलेली प्रुफं तपासताना एकशे सतराव्या ओळीपाशी तिने बोट ठेवलं आणि ती पुन्हा वाचली. घरं शून्य. माणसं शून्य. शेरा : पडीक.

ही तिच्या मावशीची वस्ती. तेवीस घरं, सगळी मिठागरात राबणारी. पावसाचे चार महिने ही माणसं वस्तीवर राहायची आणि उरलेले आठ महिने वीस किलोमीटरवर, मिठागराच्या बांधावर झोपड्या घालून. त्या खाऱ्या मुलखात एक झाड उभं राहत नाही, तर लाकूड कुठलं मिळायला? म्हणून निघताना घराचं दार बिजागरीवरून उतरवायचं, टेम्पोत टाकायचं आणि तिकडे झोपडीला लावायचं. मागे घर सताड उघडं. चोरायला आत काही नसायचंच; चोरावं असं एकच, ते म्हणजे दार, आणि ते मालकाबरोबर गेलेलं.

यंदाचा गणक नेमका हिवाळ्यात वस्तीवर गेला. त्याने दार नसलेली तेवीस घरं पाहिली आणि सूचना क्रमांक अकरा काढून वाचली : दार नसलेले घर पडीक समजावे, त्यातील माणसे मोजू नयेत. झोपड्यांचं म्हणाल, तर तिथे सूचना बारा : तात्पुरत्या निवाऱ्यातील माणसे मूळ वस्तीत मोजावीत. म्हणजे इथेही नाहीत आणि तिथेही नाहीत. एकशे चार जिवंत माणसं दोन सूचनांच्या फटीतून गळून गेली. शून्य माणसांना पाणी किती लागतं? एक तारखेपासून मिठागरावरचा टँकर बंद, असा कागद आधीच निघाला होता.

ती तडक साहेबांकडे गेली.

"साहेब, ही वस्ती पडीक नाही. माझी सख्खी मावशी राहते तिथे."

"मावशी हा पुरावा होत नाही, तक्ते."

"माणसं दारं घेऊन कामावर जातात हो! आपल्या खात्यानेच मागे त्या दारांवर घरनंबर रंगवलेत."

"मग आणा ती दारं. बघू. गुरुवारी सकाळी तपासनीस वस्तीवर जाईल, संध्याकाळी पुस्तक छपाईला. त्याच्या आत काय ते करा."

साहेब हे सहज बोलून गेले. तक्तेबाईने मात्र ते ब्रह्मवाक्य मानलं. बाहेर येऊन तिने मावशीला फोन लावला.

बुधवारी दुपारी टेम्पो कार्यालयाच्या दारात उभा राहिला. तेवीस दारं, वर मावशी, पुढे मिठागराचा मुकादम. दारं मिठाने पांढरी पडलेली, पण खात्याचे नंबर लखलखीत. एक ते तेवीस, एकही गाळलेला नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं मनात म्हणत तक्तेबाई साहेबांना व्हरांड्यात घेऊन आली.

साहेबांनी दारं मोजली. मग पुन्हा मोजली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. तक्तेबाईच्या जिवात जीव आला. "पुरावा भक्कम आहे. शिपाई, सगळी दारं दफ्तरखान्यात जमा करून घ्या. पोच द्या यांना."

"जमा?" मुकादम पुढे झाला. "साहेब, तिकडे झोपड्या उघड्या पडल्यात. वाऱ्याने मीठ आत येतंय, लेकरांचे डोळे चुरचुरतायत."

"पुरावा सोडता येत नाही हो. चौकशी पूर्ण झाली की परत मिळेल."

"पण उद्या सकाळी तपासनीस वस्तीवर जाणार!" तक्तेबाईचा आवाज चढला. "त्याला घरांना दारं दिसायला नकोत का? दारं इथे कोंडली, तर तो पुन्हा पडीकच लिहील!"

"तो नियमाप्रमाणे लिहील. आपण नियमाप्रमाणे जमा करतोय. यात चुकलं कुठे?"

दारं आत गेली, दफ्तरखान्याला कुलूप लागलं आणि किल्ली खिशात घालून साहेब बैठकीला निघून गेले. आता उद्या दुपारशिवाय यायचे नव्हते. मावशीच्या हातात तेवढी पोच राहिली. तक्तेबाईला वाटलं, भिंतीवर डोकं आपटावं. या साहेबांवर ओरडायची सोय नव्हती, कारण ते एक अक्षर खोटं बोलले नव्हते.

मावशी पायरीवर बसली. पाणीसुद्धा नको म्हणाली.

"बाई गं," ती म्हणाली, "दार नाही तर माणूस नाही, हा नियम लिहिला तरी कुठल्या शहाण्याने?"

शिपाई खाली बघू लागला. त्याला ठाऊक होतं. शेतावरचे गोठे आणि पडक्या भिंती घरं म्हणून दाखवून लोक आकडे फुगवत, म्हणून दोन वर्षांपूर्वी ती सूचना निघाली होती. ती लिहिणाऱ्या बाईचं भलतं कौतुक झालं, आणि त्या बाईने ती उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी पंख्याखाली बसून लिहिली होती.

"मी लिहिला, मावशी," तक्तेबाई म्हणाली.

मावशी रागावली असती तर बरं झालं असतं.

"तू?" ती म्हणाली. "सुट्टीत यायचीस तेव्हा रात्री दार काढून विटांवर टाकायचे मी, तुझ्यासाठी. जमिनीवर ओल म्हणून. सात नंबरचं दार. त्यावर झोपून मोठी झालीस गं."

सात नंबरच्या दाराची खालची फळी कडेला तासलेली होती, पाठीला टोचायची म्हणून मावशीनेच ती तासली होती. हे तक्तेबाईला आठवत होतं. सूचना लिहिताना का आठवलं नाही, याचं उत्तर एकशे साठ तक्त्यांत कुठेच नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी कानांच्या पाळ्या तापेपर्यंत.

ती उठली आणि दफ्तरखान्यापाशी गेली. कुलूप मुठीएवढं होतं. ते ओढून बघत असताना मागून मुकादम आला. त्याने कुलपाकडे पाहिलंही नाही. तो दाराच्या दुसऱ्या कडेकडे बघत होता.

"बिजागऱ्या बाहेरूनच आहेत की, ताई," तो म्हणाला. "आमचा जन्म गेला दारं उतरवण्यात. फक्त तुम्ही हो म्हणा."

"बाई, नोकरी जाईल," शिपाई कुजबुजला.

"तू चहाला जा," ती म्हणाली. "सावकाश पी."

मुकादमाला पाच मिनिटंही लागली नाहीत. कुलूप जसंच्या तसं कडीत राहिलं आणि दफ्तरखान्याचं दार भिंतीला टेकून उभं राहिलं. तेवीस दारं एकामागून एक बाहेर आली, टेम्पोत चढली. सात नंबरचं तिने स्वतः उचललं. वस्तीवर पोचून ती लावायला रात्र होणार होती, पण सकाळपर्यंत लागली असती. जाताना मावशीने तिच्या हातात पोच ठेवली आणि डोक्यावरून हात फिरवला.

टेम्पो गेल्यावर तक्तेबाई टेबलाशी येऊन बसली. उद्या दुपारी साहेब येतील, विचारतील. विचारू देत. तिने कागद ओढला आणि खुलासा लिहायला घेतला : 'सूचना क्रमांक अकरानुसार आपला दफ्तरखाना आजपासून पडीक आहे. पडीक जागेत काहीही जमा धरता येत नाही.' खाली तिने सही केली. तक्तेबाई अशीच केली, कंसात खरं नाव न घालता.