धुराड्यातून खाली

घरातून हवा किती गळते हे मोजणं मैत्रेयीचं काम. दाराच्या चौकटीत जाड कापड ताणायचं, त्यात मोठा पंखा बसवायचा, घरातली हवा बाहेर ओढायची आणि फटींमधून किती हवा आत येते ते बघायचं. ऊर्जाबचतीचं सरकारी अनुदान हवं असेल तर ही चाचणी दोनदा होते, फटी बुजवण्याआधी आणि नंतर. कॅनडातल्या ग्वेल्फमधल्या हर्षवर्धनच्या घराची पहिली चाचणी तिने उन्हाळ्यात केली होती. दुसरीसाठी ती फेब्रुवारीत आली तेव्हा बाहेर उणे चोवीस होतं. दाराशी बूट काढण्याआधी तिची नजर जमिनीलगतच्या बेसमेंटच्या खिडकीवर गेली. काच आतून ओली होती आणि खालच्या कडेला बर्फ धरला होता.

"जय भीम. या वेळी बघ," हर्षवर्धन म्हणाला. "घराचा डबा झालाय. झाकण लावलेला."

त्याचे वडील, ज्ञानदेव, जानेवारीत गेले होते. बेसमेंटच्या खोलीत, दुपारच्या झोपेत. नागपूरला असतानाच हृदयाचं दुखणं होतं, त्यामुळे कोणी फार विचारलं नाही. पुण्यानुमोदनाला, इथल्या मराठी बौद्धांच्या संघटनेच्या हॉलमध्ये, मैत्रेयीही होती. आता त्या खोलीत त्याची आई, रमाबाई, एकटी झोपत होती. गॅसवर चालणारी गरम पाण्याची टाकी भिंतीपलीकडे असल्यामुळे ती खोली ऊबदार असे.

मैत्रेयीने काकूंची चौकशी केली तसा हर्षवर्धनने आवाज उतरवला. हिवाळा लागल्यापासून आईचं डोकं दुखतं, मळमळतं, मध्येच शब्द आठवत नाहीत. डॉक्टरांनी तपासलं, सगळं नॉर्मल. डिप्रेशन असेल म्हणाले. पण रविवारी हॉलमध्ये गेली की ठणठणीत. मागच्या रविवारी तर तिने उभं राहून भाषण केलं. तिला नागपूरला जायचंय आणि तोंडाने सांगत नाही, असं त्याचं मत होतं. मार्चचं तिकीट काढून ठेवलं होतं.

"माझ्या हातचा चहाच बाधत असेल," त्याची बायको स्वाती सिंकजवळून म्हणाली. "हॉलमधला बरा चालतो."

शेगडीवर धूर बाहेर ओढणारा नवा हूड होता, स्टीलचा, चांगलाच मोठा. उन्हाळ्यात तो नव्हता. मैत्रेयीने विचारलं तेव्हा स्वातीने सांगितलं की मुलीच्या, अक्षराच्या जॅकेटला फोडणीचा वास येतो म्हणून वर्गातली मुलं नाक धरायची. रडत घरी यायची पोर. मग ओळखीच्या एका माणसाकडून हा बसवून घेतला. वास राहू नये म्हणून फोडणीच्या आधी हूड हायवर लावायचा आणि स्वयंपाक झाल्यावरही चालू ठेवायचा, असं स्वातीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"आईंच्या हातात स्वयंपाक असला की दुपारभर चालू असतो. सांगितलेलं अगदी पाळतात त्या."

"खालचा गॅसचा अलार्म कुठेय?"

"काढून ठेवलाय. फोडणी दिली की बोंबलायचा."

"वरचा?"

"वरचा गप्प असतो. तो खालचाच स्वस्तातला असेल."

गाडीत जाऊन मैत्रेयीने दुसरा, हवेतला वायू मोजणारा मीटर आणला. खिडक्या बंद असल्याची खात्री केली, हूड हायवर लावला, वॉशरूमचा पंखा आणि कपड्यांचा ड्रायर चालू केला, गरम पाण्याचा नळ सोडला आणि खाली गेली.

रमाबाई पलंगावर शाल गुंडाळून बसल्या होत्या. उमरेडजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं. मैत्रेयीने बुद्धमूर्तीपुढची एक उदबत्ती मागितली तेव्हा त्या उठून मागोमाग आल्या.

टाकीच्या माथ्यावर, धुराड्याचा पाइप सुरू होतो तिथे, बोटभर मोकळी जागा असते. उदबत्तीचा धूर तिथे धरला की तो पाइपात वर ओढला जायला हवा. तसं झालं नाही. धूर मागे ढकलला गेला आणि खोलीत पसरला. मीटरवरचा आकडा चढू लागला.

"वरती चला काकू. आत्ता."

तिने वर हाक मारून हूड बंद करायला आणि दार उघडायला सांगितलं. थंडी घरभर शिरली. सगळे जॅकेट घालून स्वयंपाकघरात उभे राहिले. गॅस कंपनीचा माणूस आला, टाकीचा गॅस बंद करून त्यावर लाल चिठ्ठी लावून गेला. मैत्रेयीने समजावून सांगितलं. हूड जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कुठून तरी आत यावी लागते. पूर्वी ती फटींमधून यायची. फटी बुजल्यावर एकच वाट उरली, धुराड्यातून खाली. येताना ती टाकीच्या जळणाचा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, घेऊन येत होती. एवढ्या मोठ्या हूडबरोबर बाहेरची हवा आत आणायची सोय करावीच लागते, तसा नियमच आहे.

"पण घर टाइट करायला तूच सांगितलंस," हर्षवर्धन म्हणाला.

"हो. तेव्हा हूड नव्हता."

रमाबाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. "हा वायू रक्तात जातो ना? प्राणवायूची जागा घेतो."

"हो काकू. मोकळ्या हवेत गेलं की काही तासांत उतरतो. म्हणून हॉलमध्ये बरं वाटायचं तुम्हाला. दवाखान्यात पोचेपर्यंतही उतरलेला असणार."

रमाबाईंनी पुढचा प्रश्न विचारला.

"आणि ज्याचं हृदय आधीच अशक्त, त्याचं?"

मैत्रेयीला उत्तर माहीत होतं. ते रमाबाईंनाही माहीत आहे, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"अक्षराचा वाढदिवस होता त्या दिवशी," रमाबाई सावकाश म्हणाल्या. "सावजी रस्सा केला मी. सकाळपासून हूड लावला तो पाहुणे यायचे म्हणून बंदच केला नाही. यांना सर्दी होती. मीच म्हटलं, खाली पडा, तिथे ऊब आहे."

"ते आता कळायला मार्ग नाही काकू. मोजायला काही उरलेलं नाही."

"शक्य आहे का, तेवढं सांग."

"शक्य आहे."

स्वाती पुढे झाली. हूड तिने बसवला, अलार्म तिने काढला, असं काहीतरी ती बोलू लागली. बाबांना हिवाळ्यात इकडे बोलावलं ते मी, असं हर्षवर्धन मध्येच म्हणाला. रमाबाईंनी हात वर केला.

"याची वाटणी करत बसू नका," त्या म्हणाल्या.

नंतर विजेची टाकी आली. हूडला बाहेरची हवा आणणारा पाइप जोडला गेला. पुन्हा केलेल्या चाचणीत घर उत्तम ठरलं. रमाबाईंचं अंथरूण वर अक्षराच्या खोलीत हललं.

काही दिवसांनी मैत्रेयीने फोन केला. हर्षवर्धनने आईकडे दिला.

"डोकं कसं आहे काकू?"

"थांबलं दुखायचं. लगेचच थांबलं. सगळं आठवतं आता."

मैत्रेयी म्हणाली की बरं झालं, आता घर सुरक्षित आहे, मार्चमध्ये जायची गरज नाही. रमाबाई म्हणाल्या, हर्षू तिकीट रद्द करायला निघाला होता, मीच राहू दे म्हटलं.

"का पण?"



"डोकं दुखत राहिलं असतं तर म्हणता आलं असतं, यांच्या जाण्याशी हवेचा काही संबंध नव्हता. रोज सकाळी उठते पोरी, आणि अगदी बरं वाटतं."