भिंतीची भूमिका

श्रेयांसला त्या संध्याकाळी मिळवायची होती ती चीज फक्त दोन अक्षरांची होती: ‘वाह’. तीही वडिलांच्या, म्हणजे सुरेशचंदांच्या तोंडून. ऐकायला स्वस्त वाटेल. पण जळगावच्या कापड बाजारात कुणालाही विचारा, या माणसाच्या तोंडून ‘वाह’ निघालेली कुणी ऐकलेली नाही. अस्सल पैठणी समोर उलगडली तरी ते म्हणणार, ‘ठीक आहे.’ श्रेयांस जन्मला तेव्हा नर्सने बाळ हातात दिलं, तर त्याला उलटंपालटं करून बघत हेच म्हणाले होते म्हणे.

व्यवहार असा ठरला होता. सुरेशचंदांच्या धाकट्या भावाच्या, नवीनच्या मुलीचं, पलकचं लग्न धुळ्याला. आदल्या संध्याकाळी संगीत. त्यात श्रेयांसने आपला मनातलं ओळखण्याचा खेळ करून दाखवायचा. बघता बघता वडिलांच्या तोंडून एक ‘वाह’ निघाली, तर पोराने खुशाल जादूगार व्हावं, गावोगाव हिंडावं, घरातलं कुणी आडवं येणार नाही. नाही निघाली, तर लग्न उरकल्यावर दुकानाच्या गादीवर बसायचं आणि जादूची पेटी माळ्यावर टाकायची. जमेच्या बाजूला अख्खं आयुष्य, नावेच्या बाजूलाही अख्खं आयुष्य. सुरेशचंद दुकानातसुद्धा इतका कडक सौदा करत नाहीत. पण तिथे समोर गिऱ्हाईक असतं, इथे मुलगा होता.

श्रेयांसच्या हातात खोट नव्हती. पोरगा मेहनती. माणूस चिठ्ठीवर काही लिही, चिठ्ठीची घडी घाली, आणि त्या घडीतलं श्रेयांसला कळे. कसं कळे ते मी सांगणार नाही, कुणाच्या पोटावर पाय देऊ नये. अडचण पुढे होती. कळलं की तो लगेच सांगून टाकायचा. ‘तुमच्या मनात कमळ आहे. बरोबर? धन्यवाद. पुढचे या.’ भुसावळच्या रेल्वे कॉलनीत गणपतीत त्याने एकामागून एक सगळ्यांची मनं ओळखली, एकही चूक नाही, आणि टाळी वाजली ती मंडळाच्या अध्यक्षाची, तीही डास मारताना. एका बाईला तर हा कुठल्याशा योजनेचा माणूस वाटला. तिने पिशवीतून आधार कार्ड काढून पुढे केलं.

मग तो मोनालीकडे गेला. मोनाली त्याच्या कॉलेजातली. वडील यावलकडचे केळीवाले शेतकरी, आणि ही दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेत काम करणारी. शिकवणीचा मोबदला तिने आधीच सांगून टाकला: ‘वाह’ निघाली, तर या वर्षीच्या नाटकातल्या सगळ्या बायकांना नेसायला साड्या दुकानातून. लेवा पाटलाची पोर; मारवाड्याशी व्यवहार कसा करायचा ते तिला कुणी शिकवायला नको होतं.

मेहरूण तलावाच्या काठावर तिने त्याचा खेळ पाहिला, आणि कपाळाला हात लावला.

“अरे भो, तू मन वाचत नाहीस. लाईटचं मीटर वाचतोस.”

“पण बरोबर सांगतो ना?”

“मीटरवालाही बरोबरच सांगतो. त्याच्यासाठी कुणी टाळ्या वाजवतं का?” ती बाकावर मांडी घालून बसली. “हे बघ शेठ. नाटकात तिसऱ्या अंकात माझा नवरा परत येतो. मला पहिल्या तालमीपासून माहीत आहे की येणार. तरी दार वाजलं की मी दचकते. कशी?”

“ॲक्टिंग.”

“डोंबल. दार वाजायच्या आधी मी स्टेजवर खरोखरची मेथी निवडत असते. काडी काडी बघून. मन मेथीत असलं की दार वाजल्यावर माणूस आपोआप दचकतं. तुझं मन आधीच उत्तरावर जाऊन बसलंय. तुझी मेथी कुठाय?”

श्रेयांसने खिशातल्या चिठ्ठ्या चाचपल्या.

“समोरचा माणूस ही तुझी मेथी. चिठ्ठीत काय आहे ते विसर. त्याचे हात बघ, तो कुठे बघतो ते बघ, श्वास कुठे अडकतो ते बघ. आणि खोटं काही करायचं नाही. चेंडू फेकून माणूस निवडतोस ना? कुणाच्या हातात जाणार हे आधी ठरवून फेकतोस. ते बंद. डोळे मिटून फेक.”

“आणि भलत्याच्याच हातात गेला तर?”

“तर तू खरा घाबरशील. फुकटात अभिनय.”

रोज संध्याकाळी तलावावर फिरायला येणाऱ्यांना धरून हा सराव सुरू झाला. हळूहळू श्रेयांसला माणसं दिसू लागली. आजवर त्याला चिठ्ठ्याच दिसत होत्या.

साड्या पसंत करायला म्हणून मोनाली एकदा त्याच्या घरी आली. सुरेशचंद झोपाळ्यावर बसले होते. आतून धनकुंवर काकी चहा घेऊन आल्या. या नवीनकाकांच्या बायको, पलकची आई, म्हणजे सुरेशचंद त्यांचे जेठ, थोरले दीर. जेठासमोर डोक्यावरून पदर ओढून घ्यायचा आणि त्याच्याशी चकार शब्द बोलायचा नाही, हा त्यांच्या घरातला कायदा. लग्न होऊन आल्यापासून काकींनी तो पाळला होता. पण एकाच घरात राहायचं तर बोलल्याशिवाय चालतं थोडंच? त्यावर तोड काढली होती.

काकींनी पदर नाकापर्यंत ओढला, स्वयंपाकघराच्या भिंतीकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हणाल्या, “भिंतबाई, चहा निवतोय.”

सुरेशचंद छताकडे बघत म्हणाले, “भिंतीला म्हणावं, साखर नाही यात.”

“भिंतबाई, ज्यांना तक्रार असेल त्यांनी डॉक्टरांना फोन करावा.”

मोनालीच्या हातातली साडी तशीच राहिली. बाहेर आल्यावर ती श्रेयांसला म्हणाली, “घरात रोज दोन प्रयोग होतात, आणि तू माझ्याकडे शिकायला येतोस?”

लग्नाला जळगावची सगळी वऱ्हाडी मंडळी पारोळ्यावरून धुळ्याला पोचली. नवरा मुलगा अखिल. त्याच्या घरच्यांचा नरडाण्याला कारखाना, त्यामुळे हॉल मोठा आणि पाहुणे त्याहून मोठे. माईक सांभाळायला भटू नावाचा धुळ्याचाच माणूस होता. “बठ्ठं तयार शे, भाऊ, सगळं म्हणजे सगळं,” तो म्हणाला. “फक्त लवकर आटपा. मागे पुऱ्या तळायला लागल्यात, वास सुटला की लोक थांबत नाहीत.”

पहिल्या रांगेत मधोमध सुरेशचंद, हाताची घडी घालून. डावीकडे बायकांच्या खुर्च्या. मोनाली पडद्याच्या कडेला, मुठी आवळून. तिच्याही साड्या पणाला लागल्या होत्या.

सुरुवात छान झाली. अखिलच्या मामांच्या मनातलं गाव ओळखताना श्रेयांस दोनदा अडखळला, मामांच्या डोळ्यांत बघत राहिला, ‘नाही, थांबा, तुम्ही तिथे राहत नाही, तुम्हाला तिथे परत जायचंय,’ असं म्हणाला, आणि मामांनी चष्मा काढून डोळे पुसले. लोक पुढे सरकून बसले. पुऱ्यांचा वास सुटला तरी कुणी हललं नाही.

सुरेशचंद शेजाऱ्याला म्हणाले, “ठीक आहे.”

शेवटचा खेळ. श्रेयांसने पाठ फिरवली, डोळे मिटले आणि कापडाचा चेंडू खांद्यावरून मागे फेकला. हॉलमध्ये आधी हशा झाला आणि मग एकदम शांतता पसरली. त्याने वळून पाहिलं. चेंडू धनकुंवर काकींच्या मांडीवर होता.

पलकने कपाळ धरलं. समोर जेठ. काकींनी पदर नाकापर्यंत होता तो हनुवटीपर्यंत ओढला. अखिलच्या घरच्या बायकांनी कौतुकाने ढकलत ढकलत त्यांना स्टेजवर आणून उभं केलं.

“काकी, मनात एखादा पदार्थ धरा,” श्रेयांस म्हणाला. “आणि या चिठ्ठीवर लिहा.”

पदर डावी-उजवीकडे हलला. नाही. घुंघटात चष्मा बसत नाही म्हणून काकींनी तो खुर्चीवरच ठेवला होता. आणि लग्नघरातल्या विहीणबाईने सगळ्यांदेखत खाली बसून कागदावर लिहायचं, हे काही शोभत नव्हतं.

“मग सांगता का, बरोबर की चूक?”

पुन्हा डावी-उजवीकडे. जेठासमोर बोलणार कशा?

चिठ्ठी नाही. शब्द नाही. चेहरासुद्धा नाही. श्रेयांसच्या सगळ्या विद्येतलं काही म्हणजे काही उरलं नव्हतं. त्याला खरोखर काहीही माहीत नव्हतं, आणि घाम फुटला होता तोही अस्सल. त्याने मोनालीकडे पाहिलं. तिने हवेतल्या हवेत मेथीची एक काडी निवडली.

श्रेयांसने माईक खाली ठेवला. काकी आणि पहिली रांग यांच्या मधोमध जाऊन तो दोन्हीकडे कड करून ताठ उभा राहिला, हात अंगाला चिकटवून, मान सरळ.

“काकी,” तो म्हणाला, “मी आता श्रेयांस नाही. मी आपली भिंत. स्वयंपाकघरातली.”

जळगावकडच्या खुर्च्यांतून हास्याचा लोट उठला. धुळेकरांना त्याचा अर्थ शेजारच्यांकडून कळला, मग त्यांचा उठला. पदराआडून काकींचे खांदे हलले.

“माझ्यावर फळ्या आहेत,” भिंत सावकाश बोलू लागली. “खालच्या फळीवर मसाले.” काकी स्थिर. “मधल्या फळीवर डाळी.” स्थिर. “वरच्या फळीवर… पितळी डबा.”

बांगड्या किणकिणल्या. काकींचा उजवा हात, झाकण घट्ट फिरवावं तसा, हवेत किंचित फिरला. पण श्रेयांसने दुसरंही काहीतरी पाहिलं. पहिल्या रांगेत सुरेशचंदांची हाताची घडी सुटली होती. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि काहीही खाल्लेलं नसताना तोंड पुसलं.

भिंतीने डोळे बारीक केले.

“तो डबा दुपारी उघडतो. घर झोपलेलं असताना.”

रुमाल पुन्हा तोंडाकडे गेला.

“डब्यात लाडू?” रुमाल थांबला. “नाही. लाडवाचा चुरा सांडतो, मागे खूण राहते. हे चौकोनी आहे. मऊ. एका घासात आत जाणारं.” सुरेशचंद आता छताकडे बघत होते, जसे ते फक्त काकींशी बोलताना बघतात. “काकी, तुमच्या मनात मोहनथाळ आहे.”

काकींनी मान डोलावली असती तरी भागलं असतं. पण पदराआडून आधी हसू आलं, मग पदर दोन बोटं वर सरकला, आणि भिंतीच्या बाजूने मान काढून धनकुंवर काकी थेट पहिल्या रांगेशी बोलल्या.

“बरोबर आहे. आणि जेठजी, खाता तर खा, पण झाकण तरी नीट लावत जा. मुंग्या चढतात. त्या जिवांचं पाप कोणाच्या नावावर मांडू?”

नवीनकाका अर्धे उठले आणि तसेच राहिले. भटूने स्पीकरचा आवाज कमी केला, कशासाठी ते त्यालाही ठाऊक नसावं. सुरेशचंद उभे राहिले. रुमालाची घडी केली, खिशात ठेवली. घराण्यातल्या सगळ्या माना त्यांच्याकडे.

“वाह,” सुरेशचंद म्हणाले.

आणि मग ते हसायला लागले. इतके की खुर्चीचा हात धरून खाली बसावं लागलं, आणि अखिलच्या मामांनी पाणी आणून दिलं. टाळ्या किती वेळ चालल्या ते सांगत नाही. त्या दिवशी पुऱ्या गार झाल्या एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी वरात निघायच्या आधी सुरेशचंदांनी मारवाडी रक्ताला जागून सौदा फिरवायचा प्रयत्न करून पाहिला. “ती वाह पोराच्या खेळाला नव्हती. ती धनकुंवरला होती. इतकी वर्षं भिंतीकडून ऐकून ऐकून कान कंटाळले होते माझे.”

“बाबूजी,” मोनाली म्हणाली, “कुणाला ते ठरलंच नव्हतं. तोंडून निघायला हवी होती. निघाली.”

सुरेशचंदांनी सवयीने भिंतीचा आधार शोधला. मंडपात भिंत नव्हती, नुसतं कापड होतं. त्याच्या पलीकडून काकींचा आवाज आला, “जेठजी, शब्द फिरवू नका.”

तर शेवटचा हिशेब असा. श्रेयांसची पेटी माळ्यावर गेली नाही. ती सध्या चोपडा गावात गेली आहे, त्याच्याबरोबर, खेळाला. मोनालीच्या नाटकातल्या बायका यंदा अशा नेसून उभ्या राहिल्या की प्रेक्षकांतल्या बायका नाटक सोडून काठ बघत होत्या. काकींचा पदर कपाळावर येऊन थांबला आहे, आणि बोलणं थांबायचं नाव घेत नाही. चपला इथे का, पेपर घडी न घालता का, औषध घेतलं का, सगळं थेट, तोंडावर. पितळी डबा त्यांनी कुलपात ठेवला आहे. सगळं फेडलं ते सुरेशचंदांनी, आणि अजून रोज फेडताहेत, सकाळ-संध्याकाळ, बिनसाखरेच्या चहाबरोबर.

मधूनच ते भिंतीकडे बघतात. तिच्याशी आता कुणी बोलत नाही, आणि त्यांची बाजू तर तिने आधीही कधी घेतली नव्हती.