सात नंबरची वायर

"काल संध्याकाळी एकाच मिनिटात चौदा कॉल. परवा अकरा." मेट्रननी कागद माझ्यापुढे सरकवला. "तुमचे वडील बटणाशी खेळतायत. आज साडेपाचला डॉक्टर येतील, त्यांची सही झाली की मी तुमच्या वडिलांना खाली हलवते."

खाली म्हणजे वृद्धाश्रमाच्या तळमजल्यावरचा मोठा वॉर्ड. ज्यांचं भान गेलंय ते तिथे राहतात. पलंगांना दोन्ही बाजूंनी कठडे असतात आणि कुणाच्याही गळ्यात बटण नसतं. अप्पांची वाचा दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताच्या झटक्यात गेली, उजवा हातही गेला. डाव्या हाताला तेवढं बटण उरलं. ते दाबलं की वायफायवरून सिस्टरच्या स्क्रीनवर खोलीचा आणि पलंगाचा नंबर येतो. ते काढून घेतलं, तर माझ्या बापाला घोटभर पाणीसुद्धा मागता येणार नाही.

"अप्पांनी तीस वर्षं बस चालवली," मी म्हणाले. "रस्त्यात गाढव उभं राहिलं तरी हॉर्न वाजवायचे नाहीत, वाट बघायचे. ते उगाच बटण दाबणार नाहीत."

"मग तुमचं वायफाय बिघडलं असेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या इमारतीतलं वायफाय मी बसवलंय. चार वर्षांपूर्वी, अप्पा इथे यायच्या आधी, तिन्ही मजल्यांवरची एकेक वायर मी माझ्या हाताने ओढली. "माझं काम चोख आहे," मी ताडकन म्हणाले, आणि मग जीभ चावली. काम चोख असेल तर अप्पा भ्रमिष्ट. अप्पा शहाणे असतील तर माझं काम कच्चं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असणं शक्य नव्हतं, आणि घड्याळात अकरा वाजले होते.

शिडी घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेले. अप्पांच्या खोलीबाहेर, पॅसेजच्या छताला, ताटलीएवढा पांढरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचा डबा, आहे. त्याला वेगळा प्लग नाही. सगळ्या वायरी जिथून फुटतात त्या स्टोअररूममधल्या स्विचच्या सात नंबरच्या पोर्टमधून एकच वायर येते, तिच्यातूनच इंटरनेट येतं आणि तिच्यातूनच वीज. दिवा हिरवा होता. वायर काढून लॅपटॉपला लावली. नेट सुसाट. "बघा," मी शिडीवरूनच सिस्टरला म्हणाले. ती बिचारी औषधांची ट्रॉली ढकलत होती, तिने मान हलवली आणि पुढे गेली.

तरी मी बॅगेतला नवा डबा काढून जुन्याच्या जागी लावला. आधी चालत होतं, नंतरही चालत होतं. बिघाड डोळ्यांसमोर असला की मी शांत असते. इथे सगळं ठणठणीत होतं आणि माझा पाय एका जागी ठरेना. शिडी चढले, उतरले, घट्ट असलेला स्क्रू पुन्हा घट्ट केला. चहा आणून ठेवला होता, त्याच्यावर साय धरली.

अप्पा पलंगावरून, खोलीच्या उघड्या दारातून माझ्याकडे बघत होते. त्यांनी गळ्यातल्या बटणावर बोट ठेवलं, मग ते बोट वर छताकडे नेलं. पुन्हा बटण, पुन्हा छत.

"हो हो अप्पा, बघतेय मी. तुम्ही पडा," मी म्हणाले. लहान मुलाशी बोलतात त्या सुरात. त्यांनी हात खाली घेतला आणि तोंड फिरवलं.

एक वाजता मला स्विचची नोंद तपासायची बुद्धी झाली. ऑफिसात नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी बजावते, आधी नोंद बघा, मग शिडीला हात लावा. आणि आज स्वतः दोन तास शिडीवर माकडउड्या मारत होते. सात नंबरच्या नावापुढे रांगच लागली होती. वीज बंद, वीज चालू, बंद, चालू. स्विच वेळ मात्र भलतीच दाखवत होता, कारण बसवताना त्याचं घड्याळ लावायचं राहिलं होतं. तेही माझंच. कागदावर फरक काढत बसले. आकडे जुळले तेव्हा दिसलं की हा तमाशा रोज होतो, आणि रोज चार ते पाचच्या दरम्यानच होतो.

चार ते पाच भेटीची वेळ. आणि मेट्रनच्या कागदावर अप्पांचे चौदा कॉल आले होते चार वाजून अडतीस मिनिटांनी.

आता कुठे डोकं चालायला लागलं. धावत जाऊन अप्पांचं बटण लॅपटॉपला जोडलं. त्याला स्वतःची स्मरणशक्ती असते. नेट नसेल तर प्रत्येक दाबणं त्याच्या वेळेसकट जपून ठेवतं आणि नेट आलं की सगळं एकगठ्ठा पाठवतं. पहिल्यांदा दाबलं होतं चार वाजून तीन मिनिटांनी. मग सहा. मग दहा. मग पंधरा. माणूस अर्धा तास हाका मारत होता आणि खाली सिस्टरच्या स्क्रीनवर मात्र एका मिनिटात चौदा वेळा वेडेपणा पोचला होता.

चारला सगळ्यांची मुलंबाळं येतात, खिशात फोन घेऊन. एरवी पाच-सहा फोन सांभाळणाऱ्या डब्यावर तीस-चाळीस फोन तुटून पडतात. त्याला जास्त वीज लागते आणि वायरीला ती पुरवता येत नाही, मग तो नीट सुरू व्हायच्या आतच पुन्हा पुन्हा बंद पडतो. लॅपटॉपला तर स्वतःची बॅटरी असते, त्याने वायरीकडे वीज मागितलीच नव्हती. रिकामी पिशवी उचलून तिचे बंद मजबूत आहेत म्हणावं, तसं मी सकाळपासून करत होते.

वायर कुठे कच्ची आहे हे शोधावं लागलं नाही. मला माहीत होतं. चार वर्षांपूर्वी, शेवटच्या दिवशी, याच शेवटच्या डब्यापाशी वायर हातभर कमी पडली होती आणि रीळ संपलं होतं. छताच्या आत तारांना तारा पिळून, टेप गुंडाळून मी जोड दिला होता. उद्या बदलू, म्हणाले होते. पॅसेजमधल्या चादरींच्या कपाटावरचं छत उघडलं. टेप काळपट पडून वितळली होती, आत तांब्याला हिरवा गंज चढला होता. मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

पॅसेजमध्ये चिटपाखरूही नव्हतं. डबा खराब होता, बदलला, असं ठोकून द्यायचं मनात आलं. डबा तर बदललाच होता. पण मेट्रननी जुना डबा लावून बघायला सांगितला असता तर तो लख्ख चालला असता, आणि दोष पुन्हा अप्पांच्या माथी आला असता. जोड कापून खिशात घातला. नवी, सलग वायर ओढून होईपर्यंत पावणेचार झाले.

"हे माझं काम," जोड मेट्रनच्या टेबलावर ठेवून मी म्हणाले, आणि बटणातल्या वेळा दाखवल्या. "अप्पांचं काही चुकलेलं नाही. ते बोलवत होते, ते तुमच्यापर्यंत पोचत नव्हतं."

मेट्रननी त्या वेळा एकेक करून वाचल्या. मग त्यांनी चादरी बदलल्याची वही काढली. अप्पांचं पान. काल, डायपर काढून फेकलेला, चादर ओली, चार पन्नास. परवा, चादर ओली, चार पंचावन्न. चादर ओली.

"त्यांच्या खोलीतल्या, शेजारच्या पलंगावरच्या मास्तरांकडे रोज सात-आठ जण येतात," त्या हळू म्हणाल्या. "पलंगाभोवती गर्दी असते. पडदा ओढायला, धरून बाथरूमला न्यायला कुणी नसेल तर..."

तीन महिन्यांपूर्वी याच टेबलाशी उभ्याउभ्या मी डायपरच्या फॉर्मवर सही केली होती. त्यांना आता कळत नाही, असं सांगितलं गेलं, मी मान हलवली, कारण फोनवर ग्राहक खोळंबला होता. कुणाला तरी माझं वायफाय हवं होतं.

"डॉक्टरांचा कागद थांबवते," मेट्रन म्हणाल्या. "पण आज मला डोळ्यांनी बघू दे."

चार वाजले. मास्तरांचा गोतावळा आला. कोट, पिशव्या, दोन नातवंडं, प्रत्येकाच्या हातात फोन. मी छताखाली उभी राहून हिरव्या दिव्याकडे टक लावून बघत होते. पापणी मिटायची भीती वाटत होती. चार वाजून दहा. दिवा तसाच. खोलीतून अप्पांच्या बटणाचा टक् आवाज आला, आणि चार वाजून सतरा मिनिटांनी जिन्यात चपला वाजल्या. सिस्टर वर आली, मागून मेट्रन. तिने आत जाऊन मास्तरांच्या सुनेला बाजूला व्हायला सांगितलं, पडदा ओढला. वॉकरचे पाय फरशीवर टकटक वाजत बाथरूमकडे गेले. दार लागलं. थोड्या वेळाने पाणी सोडल्याचा आवाज आला.

मेट्रननी पलंगावरच्या चादरीवरून हात फिरवला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि खाली निघून गेल्या.

अप्पा परत येऊन पलंगाच्या कडेला बसले. मी समोर उभी राहिले. हात काळे, केसांत छताची धूळ.

"अप्पा, ती वायर मीच लावली होती," मी म्हणाले. "आणि मी तुम्हालाच खोटं ठरवलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत माया नव्हती, रागही मला ओळखू येईना. मग ते जरा मागे सरले, डावा पाय पलंगाखाली घातला आणि डायपरचं मोठं पाकीट टाचेने ढकलत ढकलत बाहेर काढलं, पार माझ्या पायांपर्यंत.

मी ते उचललं. मास्तरांचं सगळं घर बघत होतं. तसंच ते काखोटीला मारलं आणि सही रद्द करायला खाली गेले.