दाढेची साक्ष

पाणीखात्यात त्यांना सगळे कानकाका म्हणत. नळाला लोखंडी सळई टेकवायची, तिच्या लाकडी मुठीला कान लावायचा आणि जमिनीखालची गळती सांगायची, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. गेल्या दोन वर्षांत त्या कानांनी साथ सोडली होती, हे मात्र फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. भांडताना ती त्याचा पुरेपूर फायदा घेई.

आता प्रशिक्षण आलं. नवं यंत्र, हेडफोन आणि शेवटी परीक्षा. नापास झाला त्याची बदली तक्रारींच्या फोनवर. तिथे पहिल्या तासातच कानकाकांचं बिंग फुटलं असतं.

परीक्षा प्रशिक्षण केंद्रामागच्या मैदानात होती. पुरलेला लांब नळ, त्यावर सहा खुंट्या, प्रत्येकीशेजारी सळई जाईल एवढं भोक. गळती कोणत्या खुंटीखाली, ते लिहायचं. दरवर्षी चौथीच असते, हे पहारेकऱ्याने एका चहाच्या बदल्यात फोडलं होतं. बाकीच्या तेराजणांनी हेडफोन लावून गंभीर चेहरे केले आणि चार लिहिलं.

कानकाकाही हेडफोन लावून, मान डोलवत फिरले. ऐकू काहीच आलं नाही. शिकवणाऱ्या बाईंची पाठ फिरताच त्यांनी चौथ्या भोकातून आपली जुनी सळई नळाला टेकवली आणि मूठ दातांत धरली. दोन वर्षं काम असंच निभावलं होतं. गळती असली की दाढेला मुंग्या येत.

आज दाढ गप्प. सहाही ठिकाणी गप्प. नळच शांत आहे, की आता दातांनीही राजीनामा दिला?

ते तडक चहाच्या खोलीत गेले, तिथला नळ बारीक सोडला, पाइपला सळई लावून मूठ चावली. दाढ झणझणली. परत येऊन त्यांनी लिहिलं : गळती नाही.

कागद तपासून बाईंनी जाहीर केलं, की चौथीखालचा गळतीचा कॉक त्यांनी काल स्वतः बंद केला होता. मग काकांना बाजूला घेऊन त्या अगदी कानाशी वाकल्या.

“काका, बरोबर फक्त तुमचं. पण तुमचं यंत्र सकाळपासून बंद आहे.”

“बॅटरी वाचवत होतो.”

बाईंनी मुठीवरचे दातांचे ठसे निरखले.

“उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं. परवा या तेराजणांची परत परीक्षा, त्याआधी त्यांना हे तुम्ही शिकवायचं. सळया मात्र प्रत्येकाला वेगळ्या.”