तीन रेघांची नळी

उंब्रजच्या हंबीररावांना तौसीफचा संशय आला, तो त्यानं कबूल केलेल्या दिवशीच काम परत दिलं म्हणून. कारागीर वेळ पाळतो म्हणजे त्याला काहीतरी लपवायचं असतं, हे त्यांचं जुनं मत.

काम होतं पणजोबांच्या कार्बाइनचं. घोडेस्वारांची ही आखूड, ठासणीची बंदूक फक्त खंडेनवमीच्या पूजेला माळ्यावरून उतरायची. यंदा तिचा घोडा ढिला झाला, म्हणून ती सांगलीला तौसीफकडे गेली, आणि परत आली ती हंबीररावांना परकी वाटायला लागली. नळी फिकट, लाकडी दस्ता गडद. पोरानं अस्सल भाग ठेवून घेतले आणि भलतेच गळ्यात मारले, असं त्यांनी निम्म्या उंब्रजला सांगून टाकलं. उरलेल्या निम्म्याला पोलिसांकडून कळणार होतं. तक्रारीला जाणकाराचा शब्द हवा, म्हणून ते साताऱ्याला सुमंतसरांकडे आले. निवृत्त झाल्यापासून सर जुनी हत्यारंच तपासायचे.

सरांनी भिंगातून पाहिलं. "घोडा मूळचाच. आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, तेवढी नवीन."

"आन् बाकीचं?"

सरांनी दस्त्यातून नळी उचलली. नळीच्या पोटाला छिन्नीच्या तीन रेघा होत्या, दस्त्याच्या खोबणीत दोन.

"एका बंदुकीच्या सगळ्या भागांवर कारखान्यात सारखी खूण करायचे. हे दोन भाग दोन बंदुकांचे आहेत."

"बगा! चोर हाय त्यो!" हंबीरराव उठलेच.

"बसा हो. हे कुंकू बघा." फटीतून झिरपलेलं कुंकू आणि तेल दगडासारखं घट्ट झालं होतं. नळीवर थर जिथं तुटत होता, तिथूनच दस्त्यावर पुढं चालू होत होता. "एवढा थर बसायला कैक नवम्या लागतात. अदलाबदल जुनी आहे, तुमच्या घरातली. अशी दुसरी बंदूक होती का?"

हंबीरराव बसले. होती. आजोबांच्या वाटणीत ती चुलत घराकडे गेली आणि आता त्या घरच्या जयराजच्या माळ्यावर होती. त्या वाटणीत विहिरीचं पाणी निम्मं झालं, चिंचेच्या फांद्यासुद्धा निम्म्या झाल्या. बंदुकांत डावं-उजवं नको म्हणून दोन्ही खोलल्या असणार, आणि एकीची नळी दुसरीच्या दस्त्यावर चढवली असणार. म्हणजे अस्सल कुणालाच नको.

"आता तौसीफला फोन करा," सर म्हणाले. "उंब्रजची बातमी त्याच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचायच्या आत."

हंबीररावांनी नाइलाजानं फोन लावला.

"तौसीफ, तुजं काय न्हाई बरं का. मी गावात तसं सांगतो."

"माजं काय न्हाई म्हंजे? काय झालं, दादा?"

"ते ऱ्हाऊदे. जयराजची बंदूक कवा तुज्याकडं आली, तर दस्ता नीट बगून ठेव. त्यो आमचा हाय."

"बरं. मग तुमच्याकडचा कुणाचा?"

हंबीररावांनी समोरचा दस्ता चटकन पिशवीत घातला आणि फोन कापला.